दोनशे चौदापैकी

१

रुग्णालयाच्या फायरवॉलचं सॉफ्टवेअर बदलायला मुर्तिनी नेहमी रविवारची दुपार धरायची. त्या वेळी बाह्यरुग्ण विभाग बंद असतो, वरच्या मजल्यावरचे कारकून घरी असतात आणि निम्मं सालातिगा शहर चर्चमधून येऊन, जेवून आडवं झालेलं असतं. जुन्या मांडणीची प्रत काढायची, ती दोन ठिकाणी ठेवायची, नवं सॉफ्टवेअर चढवायचं आणि यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत तळघरातल्या त्या थंड खोलीत बसून थर्मासातला गोड चहा प्यायचा. सगळी मिळून सात मिनिटं. सोळा वर्षांत हा क्रम एकदाही चुकला नव्हता. या रविवारीही चुकला नाही. दोन वाजून सात मिनिटांनी हिरवे दिवे लागले, तिने वहीत वेळ लिहिली आणि दिवा मालवून ती घरी गेली.

सोमवारी सकाळी साडेआठला सीटीच्या खोलीतून पाक गुनादींचा फोन आला.

"बु, तुमच्या भिंतीला काय झालंय?" फायरवॉलला ते पहिल्यापासून भिंत म्हणत, आणि मुर्तिनीला बु, म्हणजे बाई; त्यांना सगळे पाक, म्हणजे काका, म्हणत.

"का?"

"शनिवारपर्यंत एक डोकं चाळीस सेकंदांत सोलोला पोचायचं. आज अर्धा तास झाला, अजून हनुवटीपाशीच आहे."

रुग्णालयात सीटीचं यंत्र होतं, पण त्याची चित्रं वाचणारा डॉक्टर नव्हता. चित्रं तारेवरून सोलोच्या मोठ्या रुग्णालयात जात. तिथले डॉक्टर हर्यादी ती पाहून फोनवर सांगत: औषध द्या, किंवा गाडीत घाला आणि पाठवा. मधलं अंतर गाडीने दीड तासाचं, तारेने चाळीस सेकंदांचं. त्या चाळीस सेकंदांची राखण मुर्तिनीकडे होती.

तिने वेग मोजला. येणारा वेग नेहमीसारखा होता. जाणारा जवळजवळ शून्यावर होता.

"येतंय सगळं भराभर," ती फोनवर म्हणाली. "जात काही नाही."

"माझ्या सासऱ्यांसारखं," गुनादी म्हणाले. "ते आले तेव्हा दोन दिवसांसाठी आले होते."

२

दोष शोधायची तिची पद्धत साधी होती. ज्याच्यावर संशय आहे त्याला मधून काढायचं आणि बघायचं. तिने फायरवॉल मधून काढली आणि आपला लॅपटॉप थेट बाहेरच्या तारेला लावला. वेग पूर्ण होता. फायरवॉल परत मधे घातली. मंद.

नवं सॉफ्टवेअर बाहेर जाणारं प्रत्येक पुडकं उघडून तपासतं, हे तिने वाचलं होतं. ती तपासणी बंद केली. मंद. तार बदलली, खाच बदलली. मंद. बारा वाजता नाइलाजाने तिने जुनं सॉफ्टवेअर परत आणलं. तेच यंत्र, तीच मांडणी, शनिवारी ज्यावर सगळं सुरळीत होतं तेच सॉफ्टवेअर.

मंद.

ती थोडा वेळ खुर्चीत बसून राहिली. दोष नव्या सॉफ्टवेअरमुळे आला असेल, तर जुन्याबरोबर तो जायला हवा होता. तो गेला नाही. मग तो सॉफ्टवेअरबरोबर आलेलाच नव्हता. फक्त त्याच वेळी आला होता.

तिने नवं पुन्हा चढवलं, कारण त्यात एक सोय जास्त होती. बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट कुठून निघाली, कुठे चाललीय आणि कधीपासून चाललीय, याची यादी ते दाखवायचं. यादीत अकरा ओळी होत्या. दहा ओळी काही सेकंदांच्या, काही मिनिटांच्या. सगळ्यात वरची ओळ सीटीच्या खोलीतून सोलोला चालली होती. कधीपासून, त्या रकान्यात लिहिलं होतं: ९९६ दिवस.

मुर्तिनीला हसू आलं. यंत्र नुकतंच पुन्हा सुरू झालं होतं, त्याच्या पोटातलं काहीही अर्ध्या तासापेक्षा जुनं असूच शकत नव्हतं. घड्याळ बिघडलं असेल. तिने घड्याळ पाहिलं, ते बरोबर होतं. मग तिने निघालेल्या जागेचा पत्ता नीट वाचला. तो आताच्या सीटीचा नव्हता. आधीच्या सीटीजवळ जो संगणक असायचा, त्याचा होता. तो संगणक गेल्या वर्षी काढून कोठारात टाकला होता.

तिने ती ओळ तोडली. ओळ नाहीशी झाली आणि जाणारा वेग एकदम वर उसळला. गुनादींचा फोन आला, "गेलं, बु, सगळं गेलं, देव तुमचं भलं करो." तिने थर्मासचं झाकण उघडलं, चहा ओतला आणि पडद्याकडे पाहिलं.

ओळ परत आली होती. शून्यापासून सुरू झाली नव्हती. ९९६ दिवस.

तो आकडा तिला माहीत होता. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर सासू रोज सकाळी एक दिवस खोडायची आणि मोठ्याने सांगायची. आज सकाळी म्हणाली होती, चार राहिले.

३

"पाक साबर येऊन गेला," सासू म्हणाली. तिचं नाव कार्सिनाह. नात झाल्यापासून मुर्तिनी तिला नातीच्या तोंडचं 'म्बाह', म्हणजे आजी, म्हणायला लागली होती. नात गेली तरी ती हाक तशीच राहिली. "शुक्रवारी हजारावा दिवस, थडग्यावर दगड बसवायचा तर बुधवारी अक्षरं कोरायला घेतो म्हणाला. नाव पक्कं करा म्हणतो."

"नाव मी दिलंय त्याला."

"ते केवढं लांबलचक. गिरिंद्रवर्धनी. दोन ओळी होतील म्हणाला, अक्षरं बारीक होतील."

"होऊ देत बारीक."

"जिवंतपणी पेललं नाही, ते आता उरावर ठेवतेस होय तिच्या."

मुर्तिनीने टेंपेचा, आंबवलेल्या सोयाबीनचा, तुकडा बशीतच ठेवला. "आणि तुमचं हलकं नाव, म्बाह? त्याने कुठे तारलं?"

सासूने तांदळाच्या भांड्यावर झाकण ठेवलं आणि ते नीट बसलं होतं तरी पुन्हा बसवलं.

ते भारी नाव मुर्तिनीच्या नवऱ्याने इतिहासाच्या कुठल्याशा पुस्तकातून काढलं होतं, जुन्या राणीचं. नवरा आता बाताम बेटावर होता आणि सणावाराला निरोप पाठवायचा. मुलगी पाच वर्षांची असताना आठ महिने तापाने झुरली. सासू म्हणाली, पोरीला नाव जड झालंय. तिला गावाकडे नेऊन, लाल-पांढरी खीर वाटून तिने नवं नाव ठेवलं: विलुजेंग. म्हणजे सुखरूप. मुलगी बरी झाली. सासूच्या मते नावाने, मुर्तिनीच्या मते घड्याळ लावून दिलेल्या गोळ्यांनी. कागद तिने बदलले नाहीत. शाळेत, विम्यात, रुग्णालयाच्या कार्डावर जुनंच नाव राहिलं. आजी विलुजेंग म्हणायची. आई, जुन्या नावाच्या ‘धनी’ या शेपटाला धरून, लाडाने दानी म्हणायची. एका मुलीला एका घरात दोन बाजूंनी दोन नावांनी ओढलं जात होतं आणि दोघींनाही ते प्रेमच वाटत होतं.

ताटं उचलताना सासू म्हणाली, "वेळेने काही फरक पडला नसता, असं सांगितलं होतं ना संचालकांनी?"

"सांगितलं होतं."

"दोघींच्या समोर सांगितलं."

"हो, म्बाह."

या एका वाक्याच्या आधाराने दोघी एका छपराखाली राहत होत्या. घराला खांब असतो तसं ते वाक्य होतं. कुणी त्याला हात लावून हलवून बघत नसे.

४

मंगळवारी डॉक्टर हर्यादींनीच फोन केला. ते सोलोला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आवाज तरुण होता आणि ते बोलताना काहीतरी चघळत असत.

"बु मुर्तिनी, तुमच्याकडून हे कुणाचं येतंय?"

"कोणतं, डॉक्टर?"

"डोकं आहे, लहान मुलाचं. दातांवरून आठ-नऊ वर्षांचं वाटतंय. नाव नाही, क्रमांक नाही. कालपासून एकेक चित्र टपकतंय. आता दोनशे चौदापैकी एकाहत्तर. मी पाक गुनादींना विचारलं, ते म्हणतात आठवडाभरात एकही लहान मूल यंत्रावर घेतलेलं नाही. मलाच म्हणतात, डॉक्टर, वेळेवर जेवत जा."

"काय दिसतंय त्यात?"

"अजून खालचाच भाग आहे. वरचा पुढचा एक दात अर्धा आलाय, शेजारची जागा मोकळी. डोक्याचं म्हणाल तर पुरतं आल्याशिवाय काय सांगू. आणि नाव आल्याशिवाय मी वाचणारही नाही. नियम तुमचाच आहे ना तो?"

नियम तिचाच होता. एका दिवशी तीन सुमियाती यायच्या, तिघींचं नाव तेवढंच, आडनाव कुणालाच नाही. एकदा एकीचं चित्र दुसरीच्या नावावर गेलं आणि भलत्याच बाईला औषध सुरू झालं. त्यानंतर मुर्तिनीने कुलूप घातलं. चित्रावरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळलं नाही, तर बाहेर काहीही जाणार नाही. तेव्हा संचालकांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं होतं.

मुलगी गेली त्या दिवशी ती घरामागच्या बुटक्या भिंतीवरून पडली. तासाभराने ओकायला लागली. आजीने तिला भाड्याच्या मोटरसायकलवर मधे धरून आणलं. खिडकीवर नाव विचारलं, आजीने सांगितलं: विलुजेंग. त्या नावाने चित्रं निघाली. मग तळघरातून मुर्तिनी धावत आली आणि तिने पर्समधून कार्ड काढून दिलं. कारकुनाने कागद कार्डावरच्या नावाने केला. चित्रं एका नावाची, कागद दुसऱ्या नावाचा. कुलूप लागलं. अडकलं की घंटा वाजावी अशी सोय होती, पण ती फार वाजते म्हणून मुर्तिनीनेच बंद केली होती. दोन तास चाळीस मिनिटं सगळे सोलोच्या फोनची वाट पाहत राहिले. ते कुलूप उघडू शकणारा माणूस रुग्णालयात एकच होता, आणि तो मुलीचा हात धरून बसला होता.

शेवटी उत्तराशिवायच गाडी निघाली. वाटेतल्या अंपेलच्या वळणापर्यंत मुलगी होती.

नंतर संचालकांनी सासू-सुनेला खोलीत बोलावून पाण्याचे पेले पुढे ठेवले आणि ते वाक्य सांगितलं. पण ती चित्रं सोलोला कधी पोचली का, आणि पोचली नसतील तर ती न पाहता कुणाला कसं कळलं की वेळेने फरक पडला नसता, हे मुर्तिनीने विचारलं नव्हतं. प्रश्न तिला पहिल्या दिवसापासून माहीत होता.

"बु? आहात ना?" डॉक्टर म्हणाले.

"आहे. शोधते मी कुणाचं आहे ते."

५

बुधवारी सकाळपासून मेरबाबूचा डोंगर ढगात होता आणि हवा गार पडली होती. कोठाराची किल्ली गुनादींकडे होती. ते तिच्याबरोबर आले. मोडक्या चाकाच्या खुर्च्या आणि मच्छरदाण्यांची खोकी यांच्या मागे फळीवर जुना संगणक होता. पाठीमागे एकही तार नव्हती.

"विजेची तार तर माझ्या घरी आहे," गुनादी म्हणाले. "भाताच्या कुकरला लागली. संचालकांना सांगू नका."

मुर्तिनीने हात पुढे केला आणि पेटीच्या माथ्यावर ठेवला.

ती गरम होती. चालू यंत्राची ऊब तिला पाठ होती, ती एका बाजूला जास्त असते, पंख्याजवळ. ही तशी नव्हती. ही सगळीकडे सारखी होती, कोरडी, आतून येणारी. आठ महिने दर चार तासांनी तिने ही ऊब तळहाताने मोजली होती. थर्मामीटर लावायची गरज नव्हती. एकोणचाळीस, कदाचित थोडी वर.

"पत्रा तापतो इथला," गुनादी म्हणाले.

तिने शेजारच्या पेटीला हात लावला. गार. त्यापलीकडची, गार.

"ऐकू येतंय तुम्हाला?"

"काय?"

आतून बारीक टक् असा आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक्. दात वाजल्यासारखा.

"उंदीर असतील," गुनादी म्हणाले, पण ते खाली वाकले नाहीत. त्यांनीही पेटीला हात लावला आणि लगेच काढला. तो हात त्यांनी विजारीला पुसला. मग पुन्हा पुसला. बाहेर जाऊन ते पाठ करून उभे राहिले.

मुर्तिनीच्या मनात आलं, हे उचलून फरशीवर आपटावं आणि मोकळं व्हावं. ती कोपऱ्यातल्या नळाकडे गेली, फडकं ओलं केलं, पिळलं आणि पेटीवरची धूळ पुसायला लागली. एकदा पुसून झाल्यावर तिने फडकं घडी करून माथ्यावर ठेवलं. आपण काय करतोय हे थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं. तिने फडकं उचललं. ते वाळलं होतं.

"चला, बु," गुनादी दाराबाहेरून म्हणाले. आवाजात थट्टा नव्हती. "मला कुलूप लावायचंय."

६

गुरुवारी अकराला बाजारात शेंगदाण्याची वडी विकणारी एक म्हातारी दुकानातच कोसळली. उजवं अंग गेलेलं. तिला आणल्यावर गुनादींनी दहा मिनिटांत तिच्या डोक्याची चित्रं काढली.

"बु, जात नाही," ते फोनवर म्हणाले. "अजिबात नाही. मुंगीसुद्धा नाही. रक्त साकळलंय की फुटलंय हे कळल्याशिवाय औषध देता येत नाही. एकाला जे औषध, ते दुसऱ्याला विष. तिची मुलगी दर दोन मिनिटांनी दार उघडून बघतेय."

दुसऱ्या फोनवर डॉक्टर हर्यादी होते. "ते मूल दोनशे चौदापैकी दोनशे तेरावर थांबलंय. शेवटचं येत नाही, आणि त्यामागे बाकी सगळं तुंबलंय. काढा ना, बु, ते मधून."

मुर्तिनीने पडद्यावरची ओळ उघडली. आज तिच्याखाली एक वाक्य आलं होतं. हे वाक्य तिने स्वतःच, सुमियातींच्या त्या घोळानंतर, यंत्रात घातलं होतं. *नाव जुळत नाही. दुरुस्त करा किंवा रद्द करा.*

तिने रद्द केलं. ओळ गेली, आणि म्हातारीचं पहिलं चित्र निघायच्या आत परत आली. तिने पुन्हा रद्द केलं. परत आली. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा ओळ हललीही नाही.

मग तिने दुरुस्त करा वर बोट ठेवलं. दोन चौकटी उघडल्या. चित्रावरचं नाव: विलुजेंग. कागदावरचं नाव: गिरिंद्रवर्धनी. वरच्या चौकटीत तिने लिहून पाहिलं, अक्षर उमटलं नाही. बरोबरच होतं. चित्र एकदा निघालं की निघालं, ते बदलता येत नाही. बदलतो तो कागद. हाही तिचाच नियम.

ती खालच्या चौकटीकडे पाहत राहिली. पाठवलं की हर्यादी वाचणार. वाचले की सांगणार. तिला त्या म्हातारीची कीव आली, पण खरं सांगायचं तर तेवढ्याने तिचा हात हलला नसता. गुनादींच्या फोनमधून दार उघडल्याचा आवाज आला आणि कुणी तरुण बाई म्हणाली, "पाक, अजून किती वेळ?" हा प्रश्न मुर्तिनीनेही त्याच दारात, त्याच माणसाला विचारला होता.

तिने जुनं नाव एकेक अक्षर करून पुसलं. त्या जागी सासूने ठेवलेलं नाव लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं.

ओळ पडद्यावरून गेली. तिच्यामागे बाकीच्या दहा ओळी पाण्यासारख्या निघून गेल्या.

"अडतीस सेकंद," गुनादी म्हणाले. "बु, अडतीस."

७

डॉक्टरांचा फोन वीस मिनिटांनी आला.

"म्हातारीचं बघितलं. फुटलेलं नाही, साकळलंय. औषध सुरू करायला सांगितलंय मी, वेळेत आहे, बहुतेक हात परत येईल. आता ते मूल. नाव आलं एकदाचं. विलुजेंग."

"हो."

"पडलीय का कुठून?"

"भिंतीवरून."

"मेंदू आणि कवटीच्या मधे रक्त साठलंय. भिंगाच्या आकाराचं, अगदी पुस्तकात असतं तसं. मेंदूला अजून काही झालेलं नाही. हे आम्ही छिद्र पाडून काढतो, बु. चौथ्या दिवशी पोर घरी जाते आणि आठव्या दिवशी शाळा नको म्हणून रडते. चित्र आजचंच आहे ना? आजची तारीख दाखवतंय, अकरा दहा."

मुर्तिनीने टेबलाची कड धरली होती. खोलीत यंत्रांचे पंखे नेहमीसारखे चालू होते.

"डॉक्टर, वेळेने फरक पडेल?"

"म्हणजे?"

"उशीर झाला तर. दोन तास चाळीस मिनिटं झाला तर."

त्यांना प्रश्न विचित्र वाटला असावा. "वेळेनेच तर पडतो सगळा फरक. अजून चार तास धरा हातात. तेवढ्यात माझ्या टेबलावर आली तर काळजी नाही. तुम्ही गाडीच्या वेळा मोजत बसू नका, निघायला सांगा. निघाली का गाडी?"

"निघाली," मुर्तिनी म्हणाली.

गाडी निघाली होतीच, नऊशे नव्व्याण्णव दिवसांपूर्वी. फोन ठेवल्यावर तिने वेग मोजला, कारण वेग मोजायचा होता. येणारा पूर्ण. जाणारा पूर्ण. तिने वहीत दोन्ही आकडे लिहिले, वेळ लिहिली आणि 'कारण' या रकान्यापाशी पेन थांबलं. तिने तिथे काही लिहिलं नाही.

खांब गेला होता. छप्पर अजून पडलं नव्हतं, एवढंच. संध्याकाळी घरी जायचं, सासू पानात भात वाढणार आणि तिच्या तोंडाकडे पाहणार. सांगायचं की नाही, हे मुर्तिनीला ठरवता येईना. सांगितलं तर सासूला नाव सांगितल्याचा दोष, मुर्तिनीला कार्ड दाखवल्याचा. न सांगितलं तर दोन्ही दोष तिच्या एकटीच्या पदरात. आजवर जे वाटून घेतलं नव्हतं, ते आता तरी वाटून घ्यावं असा एक कडू विचार तिच्या मनात आला आणि तो तिने बराच वेळ जाऊ दिला नाही.

८

दीड वाजून गेल्यावर फोन वाजला. गाडी का आली नाही, असं डॉक्टर विचारतील, या तयारीने तिने तो उचलला. पलीकडे सोलोची एक प्रौढ परिचारिका होती. घाईतली, खेडवळ बोलणारी.

"सालातिगाच्या विलुजेंगचं कोण?"

मुर्तिनी खुर्चीतून उठली. "मी. आई."

"मागून येताय ना तुम्ही? पोर आलीय, आत घेतोय. सही लागेल. आजीची चालली असती, पण त्या म्हणतात मला लिहिता येत नाही."

"आजी तिथे आहेत?"

"बाकावर बसल्यात ना. अनवाणीच आल्यात बिचाऱ्या."

मुर्तिनीने दुसऱ्या हाताने टेबलावरचा फोन ओढला आणि घरचा क्रमांक फिरवला. पाचव्या घंटेला उचलला गेला. "कोण? मुर का?" सासू म्हणाली. "मी कुठे जाणार, उद्याचे तांदूळ निवडतेय. काय गं?" मुर्तिनीने तो फोन ठेवला.

"ऐकताय ना?" परिचारिका म्हणाली. "पोर गुंगीत आहे. भूल द्यायच्या आधी हाकेला ओ देते का ते बघायचं असतं आम्हाला. विलुजेंग, विलुजेंग करून माझा घसा कोरडा पडला. पापणी हलत नाही. आजी म्हणतात, ती आईच्या हाकेला उठते. घरी काय म्हणता तिला?"

मुर्तिनीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं, थांबा. फोनच तिच्या कानाशी धरते. तुम्हीच मारा हाक."

कापडावर काही घासल्याचा आवाज आला. मग श्वास ऐकू यायला लागला. जवळून, तोंडाने घेतलेला, नाक चोंदलेल्या मुलाचा. आत जाताना हळू, बाहेर येताना थोडी शीळ घालणारा. अशा श्वासाशेजारी मुर्तिनी नऊ वर्षं झोपली होती. तो दुसऱ्या कुणाचा असू शकत नव्हता.

दानी हे नाव तिच्या जिभेवर आलं होतं. ते म्हटलं की ती उठेल, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. आणि शंका नव्हती म्हणूनच ती ते म्हणत नव्हती. उठेल. मग चौथ्या दिवशी घरी येईल. दार वाजेल, आणि ते मलाच उघडावं लागेल.

याची लाज तिला वाटणार होती. पुढे वाटणार होती, मरेपर्यंत. आत्ता नुसती भीती होती. इतकी वर्षं ज्या हाकेसाठी तिचं तोंड आसुसलं होतं, त्या तोंडात आता ती हाक तिने दात दाबून धरली होती.

पलीकडचा श्वास हळू झाला होता. कुणी ऐकायला थांबलं की होतो तसा.

"विलुजेंग," मुर्तिनी म्हणाली. शेजाऱ्याच्या मुलीला बोलवावं तशी, बेताने.

श्वास थांबला. कुणीतरी कूस बदलल्यासारखी चादर सरकली. मग परिचारिकेचा आवाज आला.

"नाही हो उठत. आणखी एकदा मारता का?"

"नको," मुर्तिनी म्हणाली. "झोपू दे तिला."